रणगाड्याने पाडलेली भिंत पुन्हा न बांधण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
नागरी मालमत्ता पूर्ववत शाखा,
रणसामग्री दुरुस्ती व देखभाल विभाग,
छावणी कार्यालय, पहिला मजला, जिन्याच्या उजवीकडे
(डावीकडची शाखा वेगळी आहे, हे तिथे दोनदा रांग लावल्यावर कळले.)

विषय : रणगाड्याची नळी शिरून आमच्या घरातील मधली भिंत पडली, ती कृपया पडलेलीच राहू देण्याबाबत.

संदर्भ : आपल्या शाखेने आमच्या दारावर डकवलेली नोटीस : "भिंत पूर्ववत करण्यासाठी गवंडी येत आहेत, सहकार्य करावे."

महोदय,

आपल्या टेबलावर येणारे अर्ज बहुधा काहीतरी दुरुस्त करून मागणारे असतात. सदर अर्ज त्यातला नाही, तरी तो चुकून त्या गठ्ठ्यात जाऊ नये, अशी सुरुवातीलाच विनंती करतो. आम्हाला काही नको आहे. जे आपण द्यायला निघाला आहात तेच नको आहे.

मी व्यवसायाने बेकरीवाला. वडीलही बेकरीवाले होते. ते गेल्यावर मी आणि माझे थोरले बंधू (यापुढे 'दादा') यांच्यात वाटणी झाली. घराचा रस्त्याकडचा अर्धा भाग भट्टीसह माझ्याकडे आला आणि मागच्या बोळाकडचा अर्धा भाग पीठ मळायच्या खोलीसह दादाकडे गेला. वाटणीच्या वेळी आपल्याला काय मिळते यापेक्षा दुसऱ्याला काय मिळू नये, याकडे दोघांचेही बारीक लक्ष होते. त्यामुळे माझ्याकडे भट्टी, पण मळायला जागा नाही. दादाकडे हातपाय पसरून मळायला जागा, पण भाजायला भट्टी नाही. मी पत्नीची बोलणी खात स्वयंपाकाच्या ओट्यावर पीठ मळू लागलो. दादा मळलेले पीठ हातगाडीवर घालून दुसऱ्याच्या भट्टीवर नेऊ लागला. उन्हाळ्यात ते वाटेतच फुगे आणि गाडीवरून खाली उतरे. मी दुकानावर 'मूळ बेकरी' अशी पाटी लावली. दादाने बोळात 'खरी मूळ बेकरी' अशी लावली. मध्ये एका विटेची भिंत घातली. तिला गिलावा कधीच झाला नाही, कारण तो दुसऱ्याने करायचा, यावर आमचे एकमत होते. बोलणे बंद झाल्यानंतर आमचे ते एकच एकमत.

आई मात्र कोणाच्याच वाटणीत पूर्ण बसली नाही. ती एक महिना माझ्याकडे आणि एक महिना दादाकडे राहायची. महिना संपला की ती पिशवी घेऊन माझ्या दाराने बाहेर पडे, सगळ्या गल्लीला वळसा घाली आणि बोळातून दादाच्या दारी पोचे. भिंतीतून चार पावलांवर असलेल्या खोलीत जायला तिला अर्धे गाव फिरावे लागे. गुडघ्यांमुळे ती वाटेत शिंप्याच्या पायरीवर बसे. कोणी विचारले, "काय आजी, सध्या कोणाकडे?" तर म्हणे, "सध्या कोणाकडेच नाही. पायरीवर आहे."

आता मुख्य घटनेकडे वळतो.

सरावाहून परतणारा आपला एक रणगाडा, हमरस्त्यावरचा पूल बंद असल्याने, आमच्या उताराच्या रस्त्याने आला. वरच्या वळणावर त्याच्या गिअरबॉक्समधून जात्यात खडे पडावेत तसा आवाज झाला, पाठोपाठ ब्रेकांनीही मान टाकली. रणगाडा वेगात आला, अशी माझी तक्रार मुळीच नाही. तो इतक्या सावकाश आला की चालकाने झाकणातून डोके वर काढून प्रत्येक दुकानदाराची वेगळी क्षमा मागितली. केशकर्तनालयापाशी तर त्याने "जरा खुर्ची आत घेता का?" असेही विचारले. उताराच्या शेवटी आमचे घर आहे. नळी आमच्या खिडकीतून आत आली.

आई त्या वेळी खिडकीपाशी चहा घेत होती. तिने ट्रे उचलला, नळीला वाट करून दिली आणि म्हणाली, "अरे, पुढे भिंत आहे, कोणी बघतंय का?" कोणी बघत नव्हते. नळी खोली ओलांडून मधल्या भिंतीतून पलीकडे गेली आणि दादाच्या खोलीत आरशापासून चार हातांवर थांबली. वहिनी आरशासमोर वेणी घालत होत्या. आरशात नळीचे तोंड दिसताच त्यांनी दोन्ही हात वर केले. कोणालाही इजा झाली नाही. वेणी मात्र सुटली.

धूळ खाली बसल्यावर भोकातून दादाचा आवाज आला. "आमच्याकडे काय घुसवलंस रे?"

कित्येक वर्षांत त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी खरे तेच सांगितले, "रणगाडा."

"सरळ उत्तर देशील तर शपथ!" असे म्हणून तो चप्पल घालून वळसा घालून पुढच्या बाजूला आला, रणगाडा पाहिला, आणि माझ्याकडे न पाहता परत गेला.

महोदय, लष्करात दुरुस्ती कशी चालते, हे मला पूर्वी ठाऊक नव्हते. आता मी ते झोपेतही सांगू शकतो, आणि पत्नीच्या म्हणण्याप्रमाणे सांगतोही. आपण त्याच खात्यातले असल्याने आपल्याला ते माहीत असणारच, तरी आमच्या घरात ते कसे घडले, हे नोंदीसाठी सांगतो.

चालकाला मी म्हटले, "बाबा, घे आता मागे." तो म्हणाला, "काका, आमच्या हातात तेलपाणी, पुसणं आणि पट्टे ताणणं एवढंच. त्यापुढे बोट लावलं तर मलाच दुरुस्त करतील." मग त्याने रणगाडा पुसला. दारात उभ्या असलेल्या माझ्या सायकललाही तेल दिले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पलटणीचे स्वतःचे मेकॅनिक आले. ही पहिली फळी. किरकोळ सुटे भाग बदलायचे, ते हे. त्यांनी ब्रेक बदलले, चहा घेतला आणि गिअरबॉक्सकडे बोट दाखवून म्हणाले, "हे आमच्या पायरीचं नाही." मग फिरती कार्यशाळा आली. ही दुसरी फळी. ट्रकवर लेथ, वेल्डिंग, ताडपत्री, असा सगळा संसार घेऊन ती आमच्या दारात उतरली. तिच्या प्रमुखाला सगळे 'उस्ताद' म्हणत. उस्ताद अख्खा गिअरबॉक्स काढून दुसरा बसवू शकत, परंतु तो उघडू शकत नसत. उघडून आतले काम करायचे ते दूरच्या मोठ्या कार्यशाळेत, म्हणजे तिसऱ्या फळीत. आई म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच. एकाकडे मळायचं, दुसऱ्याकडे भाजायचं." त्यावर उस्ताद हसले. मी हसलो नाही. पलीकडून मात्र खाकरल्याचा आवाज आला.

इथे घोडे अडले, ते असे. नवा गिअरबॉक्स भांडारातून यायचा होता. भांडाराचे म्हणणे, आधी जुना जमा करा. जुना काढायला क्रेन हवी. क्रेन ओढगाडीवर. ओढगाडी आली, पण गल्लीच्या तोंडाशी येताच तिचाच क्लच गेला. तिची दुरुस्ती तिच्या पलटणीच्या पहिल्या फळीने करायची, आणि ती फळी त्या वेळी दुसऱ्या एका ओढगाडीखाली झोपलेली होती. बरे, नुसते दोर लावून रणगाडा मागे ओढावा, तर आमच्या छताची तुळई खचून नळीवर टेकलेली. नळी काढली की छत खाली. तुळईला टेकू द्यायचा तर ते काम आपल्या शाखेचे. आणि आपल्या शाखेचा नियम असा, की लष्करी सामान हलवल्याशिवाय इमारतीच्या कामाला हात लावायचा नाही. म्हणजे रणगाड्याने आमचे घर धरले होते आणि घराने रणगाडा. आपण आपल्या जागी बरोबर होता. सगळेच बरोबर होते. बरोबर नव्हती ती फक्त नळी.

शिवाय नळी हे सरकारी शस्त्र. तिच्यावर पहारा हवा. एक पहारेकरी माझ्या खोलीत बसला. दुसऱ्या दिवशी लक्षात आले, की नळीचे तोंड दादाच्या घरात आहे आणि तिथे कोणीच नाही. म्हणून दुसरा पहारेकरी वहिनींच्या आरशाजवळ बसला. पाळी बदलताना दोघांनी एकमेकांना 'सर्व ठीक' असे ओरडून सांगायचे, असा हुकूम होता. आमच्या दोन घरांमध्ये दिवसातून अनेकदा सर्व ठीक आहे, असे जाहीर होऊ लागले. सुरुवातीला दादा आतून "काही ठीक नाही!" म्हणायचा. पुढे कंटाळला.

या सगळ्या मंडळींना पाव लागत होता. उस्तादांची माणसे, दोन पहारेकरी, चालक, ओढगाडीचे लोक, आणि ओढगाडी पाहायला येणारे वेगळे. माझा ओटा पुरेना. मी ही अडचण पत्नीला सांगत असताना पहारेकऱ्याने ऐकली आणि कर्तव्याचा भाग समजून भोकातून पलीकडे कळवली : "यांना पीठ कमी पडतंय, सर्व ठीक."

थोड्या वेळाने भोकातून एक परात पुढे आली. पीठ होते. उत्तम मळलेले. वडील मळत तसे, तळव्याच्या टाचेने. परातीला धरलेले हात दिसत होते, चेहरा नव्हता.

"फुगलंय," पलीकडून आवाज आला.

"बरं," मी म्हटले.

त्या दिवशी आमच्यात एवढेच बोलणे झाले. पण त्या पावाला जो रंग आला, तो मी ओट्यावरच्या पिठातून कधी काढू शकलो नव्हतो. भाजून झाल्यावर मी निम्मी लादी भोकातून परत पाठवली. मग पलीकडचा पहारेकरी म्हणाला, "ते खातायत." जरा थांबून, "रडतायत की ठसका लागलाय, कळत नाही. सर्व ठीक."

परात हातातून हाती देताना वाकावे लागते, हे पाहून उस्तादांनी मोडीतल्या बेअरिंगांची एक छोटी गाडी करून नळीवर बसवली. पलीकडून ढकलली की पीठ घरंगळत थेट भट्टीपाशी येई. गाडी नळीला ओरखडे पाडते, असा आक्षेप एका अधिकाऱ्यांनी घेतला होता. उस्तादांनी खाली कापड लावून तो निकालात काढला. पहारेकऱ्यांना ये-जा करता यावी म्हणून भोकही माणूस जाईल एवढे मोठे करण्यात आले. छत पडू नये म्हणून उस्तादांनी मोडीतल्या पोलादाची एक चौकट वेल्डिंग करून तुळईखाली बसवली. इमारतीचे काम करायची त्यांना परवानगी नव्हती. म्हणून कागदावर तिला 'नळीची आधार-चौकट' म्हटले आहे. त्यांचे हे चातुर्य कोणाला सांगू नये, असे ठरले होते, परंतु आपण घरचेच.

आम्हा भावांचे भांडणही याच काळात झाले, हे लपवत नाही. पिठात मीठ जास्त पडल्यावरून सुरू झाले आणि वाटणीपर्यंत गेले. दोघेही नळीच्या दोन बाजूंना उभे राहून ओरडत होतो. दादा म्हणाला, "भट्टी मागून घेतलीस, कारण तुला माहीत होतं मला आगीजवळच बरं वाटतं!" मी म्हटले, "तू मळायची खोली घेतलीस, कारण बाबा तिथे बसायचे!" भट्टी त्याला हवी होती, हे मला ठाऊकच नव्हते. वाटणीच्या वेळी त्याने मागितलीच नव्हती. त्याने न मागितल्यामुळे, ती चांगली असणार नाही, असे वाटून मी महिनाभर ती तपासत होतो. पत्नी आणि वहिनी या दोघी जावा तेव्हा पलीकडे बसून मटार सोलत होत्या. वहिनी म्हणाल्या, "संपलं का? पाव जळतोय." जळतच होता. दादा पहिल्यांदा भोकातून इकडे आला आणि भट्टीतून त्याने पाव काढला.

आणि आई. त्या महिन्याची अखेर आली तेव्हा ती पिशवी भरून उठली, सवयीने दाराकडे निघाली, थबकली, वळली आणि भोकातून पलीकडे गेली. चार पावले. मग परत इकडे आली. मग पुन्हा पलीकडे. असे तिने उगाच कितीतरी वेळ केले. पहारेकऱ्याने तिला विचारले, "आजी, काही हरवलं का?" ती म्हणाली, "नाही रे, सापडलंय. बघतेय." त्यानंतर तिने आपली खाट भोकाच्या अगदी मधोमध टाकून घेतली, डोके दादाकडे, पाय माझ्याकडे. "आता कोणाचा महिना, ते तुमचं तुम्ही ठरवा," म्हणाली.

यथावकाश दुसऱ्या ओढगाडीने पहिली ओढगाडी नेली, तिसरी ओढगाडी क्रेन घेऊन आली, गिअरबॉक्स बदलला, आणि एका दुपारी रणगाडा आमच्या घरातून सन्मानाने बाहेर पडला. चौकटीने तुळई पेलली. चालकाने उतारावरच्या सगळ्या दुकानदारांचा निरोप घेतला. उस्तादांनी बेअरिंगची गाडी आम्हाला भेट दिली. भोकात आईच्या खाटेच्या वरून दोन पट्ट्या टाकून आम्ही ती अजून चालवतो.

इथे हकिगत संपायला हवी होती. परंतु आपल्या शाखेच्या नियमानुसार, लष्करी वाहनाने केलेले नुकसान पूर्ववत झाल्याशिवाय त्या वाहनाचे प्रकरण बंद होत नाही. आपले निरीक्षक आले. त्यांनी विचारले, "इथे भिंत होती?" आम्ही दोघांनी होती म्हटले. खोटे बोलायला हवे होते, हे नंतर सुचले. "गिलावा होता?" नव्हता. तेव्हा त्यांनी 'एका विटेची, बिनगिलाव्याची भिंत पूर्ववत करणे' असे लिहून घेतले. मी म्हणालो, "साहेब, आम्हाला नको आहे ती." ते सौजन्याने म्हणाले, "तुम्हाला हवी का, हा रकानाच नाहीये."

त्यानंतर आपले गवंडी विटा, सिमेंट आणि ओळंबा घेऊन आले. आई खाटेवर होती. त्यांनी तिला उठायची विनंती केली. तिने त्यांना चहा दिला. त्यांनी पुन्हा विनंती केली. तिने पाव दिला. गवंडी भिंत न बांधता गेले, आणि त्यांनी दिलेल्या अहवालात, 'नियोजित भिंतीच्या जागी एक वृद्ध महिला आढळली, ती हलत नाही' असा उल्लेख असल्याचे कळते. तो खरा आहे.

आपल्या कार्यालयातील एका दयाळू कारकुनांनी सुचवले, की भिंत एकदा बांधू द्यावी, तिचा फोटो काढून प्रकरण बंद होईल, मग तुमची तुम्ही पाडा, आम्ही बघायला येणार नाही. सल्ला शहाणपणाचा आहे. दादालाही पटला होता. मलाच पटला नाही, आणि त्याचे कारण मी कारकुनांना सांगू शकलो नाही, म्हणून आपल्याला सांगतो.

महोदय, मी आम्हा दोघांना ओळखतो. भिंत उभी राहिली, की ती पाडायची कोणी, यावर बोलणे निघेल. दादा म्हणेल, "तुझ्याकडून सुरुवात कर." मी म्हणेन, "थोरला तू." विटा कोणाच्या, मलबा कोणाच्या दारात, हे निघेल. एक दिवस जाईल, दुसरा जाईल. तिसऱ्या दिवशी मला ओट्यावर पीठ मळायची पुन्हा सवय होईल. ही भिंत आमच्यापैकी कोणी पाडली नाही, म्हणूनच ती पडली. आपले रणगाडे आमच्या घरात वारंवार येणार नाहीत, आणि यावेत अशी मागणी करायलाही धीर होत नाही.

तरी विनंती की,

१. भिंत बांधण्यात येऊ नये. विटा आणून टाकल्या आहेत, त्या परत न्याव्यात. त्यांच्यावर शेजारची मांजर व्यायली आहे, तिला मात्र थोडी सवड द्यावी.

२. तुळईखालची चौकट परत मागवू नये. कागदावर ती नळीची असली, तरी नळी गेल्यापासून ती आमचे छत धरून आहे.

३. पूर्ववत केल्याशिवाय प्रकरण बंद होतच नसेल, तर 'पूर्ववत' हा शब्द थोडा आणखी मागे नेता येईल का, हे पाहावे. त्या जागी भिंत होती हे खरे. पण तिच्याही आधी तिथे काही नव्हते. बाबांच्या वेळी त्या जागेतून आम्ही दोघे पळत जात असू. तेवढ्या पूर्वीपर्यंत घर पूर्ववत झालेले आहे, असे आपल्या निरीक्षकांनी लिहिले, तर ते खोटे ठरणार नाही.

आपण स्वतः येऊन पाहिल्यास आनंद होईल. पुढच्या दाराने या अथवा बोळातून या. दोन्हीकडून आत तेच घर लागते.

आपल्या होकाराची आणि गवंड्यांच्या न येण्याची वाट पाहणारा,

(सही)
धाकटा बेकरीवाला

दिनांक : सोमवार, पहिली भट्टी उतरल्यावर

सोबत जोडले आहे :
(अ) भोकाचा फोटो, मध्ये आई. तिने फोटोसाठी उठायला नकार दिला.
(आ) एक लादी पाव. ही लाच नसून पुरावा आहे. कृपया गरम असतानाच तपासावा.

ता. क. (दुसऱ्या हस्ताक्षरात) :
साहेब, धाकट्याला थोडक्यात काही सांगता येत नाही. लहानपणापासून असाच आहे. भिंत नको, एवढंच म्हणायचं आहे आम्हाला. — थोरला